नापासमावशीच्या चार कोंबड्या

१२ मार्च २०१९ रोजी मंगळवार होता. कोणतेही जुने कॅलेंडर काढून हे पडताळता येईल. त्यापुढची हकीकत मात्र एका दोनशे पानी वहीवर आणि दोन बायकांच्या सांगण्यावर उभी आहे, आणि चहात साखर किती घालावी यावरही त्या दोघींचे तीस वर्षांत एकमत झालेले नाही.

वही नापासमावशीची. दिव्यांच्या कारखान्यात ती एकतीस वर्षे तपासणी विभागात होती. तपासणीची खोली आतून काळी रंगवलेली, दाराला दुहेरी पडदा. एकेक दिवा पेटवायचा, तार थरथरते का, काचेत बुडबुडा आहे का हे बघायचे, आणि ट्रेवर शिक्का मारायचा. निळा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. तिचा लाल शिक्का निळ्याच्या कितीतरी आधी झिजला. हे नाव तिला तिथूनच चिकटले. उजेडात सगळेच दिवे शहाणे दिसतात, खोट कळते ती अंधारात, हे तिचे ब्रीद. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दोन्ही शिक्के मखमली पेटीत घालून तिला भेट दिले. आता घरच्यांची खैर नाही, असे तेव्हा कोणीतरी म्हणाल्याचे ती स्वतःच सांगते.

घरचे म्हणजे दोघे. एक नवरा, बसच्या आगारातला निवृत्त मेकॅनिक, जो बोलण्यापेक्षा स्क्रू पिळणे पसंत करी. दुसरी त्याची थोरली बहीण. मावशी तिला वन्सं म्हणे. वन्संनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस रागावलेला आहे, घाबरलेला आहे की खोटे बोलतो आहे, हे आपल्याला कळते असा त्यांचा दावा होता, आणि तो खोडून काढण्यात मावशीला आजवर यश आले नव्हते. नणंद-भावजयीचे सख्य विळ्याभोपळ्याएवढे. तरी भांडण कधी झाले नाही. चाले ते टोमण्यांवर, आणि टोमणा उसना ठेवायचा नाही हा दोघींचा नेम होता.

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात काचबिंदूने वन्संची दृष्टी पूर्ण गेली, आणि टोमणे थांबले. खोलीतल्या खिडकीशी खुर्ची टाकून त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहत. चहा हातात दिला की घेत, कप काढून घेतला की देत. शेजारीपाजारी म्हणत, किती शांत झाल्या हो. मावशीला ती शांतता सोसवत नसे. वरण बिघडले तरी कोणी काही बोलत नाही, अशा घरात स्वयंपाक करायचा कोणासाठी?

त्या मंगळवारी वन्संनी मावशीच्या हातात एक कागद ठेवला. वृद्धांच्या निवासातल्या जागेचा अर्ज होता. मजकूर फोनवरून कोणाकडून तरी भरून घेतलेला, सही त्यांची, ओळ सोडून तिरपी गेलेली. एक एप्रिलला सकाळी अकरा वाजता हजर व्हायचे होते. मावशीने कारण विचारले. वन्संनी कुरकुर न करता सांगितले की इथे सगळे आपल्याला मिळते, पण आपल्याकडून कोणालाच काही लागत नाही. मग जरा थांबून म्हणाल्या की लहानपणी एक कोंबडी आपल्या मांडीवर येऊन बसायची. तेवढी जरी असती तरी मांडीचा काही उपयोग झाला असता.

"जाऊ नका" एवढे दोन शब्द मावशीच्या जिभेवर आले आणि तिथेच अडकले. तीस वर्षांत असे सरळ वाक्य ती वन्संशी बोललेली नव्हती. ते बोलण्यापेक्षा कोंबड्या आणणे तिला सोपे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगात वारे भरले. वाचनालयात कुक्कुटपालनावरची तीन पुस्तके होती, ती तिन्ही तिने घरी आणली. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला भाजीऐवजी कोंबड्यांच्या जातींची माहिती वाढली जाऊ लागली: सिल्कीला पिसे नसून लोकरीसारखी लव असते, ब्रह्माच्या पायांवरसुद्धा पिसे असतात, ऑर्पिंग्टन जाडजूड आणि सौम्य, लेगहॉर्न अंड्यांत पुढे पण बुजरी. पुस्तकांवर तिचा विश्वास नव्हता. लिहिणाऱ्याने कोंबडी मांडीवर घेतली होती का, असा तिचा सवाल होता. तिने वहीत रकाने आखले: उचलल्यावर ओरडते का, चोच मारते का, हातातून दाणा घेते का, मांडीवर किती मिनिटे टिकते. मेकॅनिकने तोवर मागच्या अंगणात जुन्या बसच्या खिडक्यांच्या चौकटी आणि जाळी लावून खुराडे उभे केले. त्याच्या दाराला बसच्या दाराचाच दांडा होता, आणि तो ओढला की तसाच खाडकन आवाज येई.

शनिवारी मेकॅनिकला घेऊन ती गाडीने गावाबाहेरच्या पोल्ट्रीवाल्याकडे गेली. हौशी लोकांसाठी तो निरनिराळ्या जाती पाळत असे. दिवसभर कोंबड्या आवारात मोकळ्या होत्या. मावशी मुद्दाम मावळतीला पोहोचली, आणि एकेक कोंबडी आतल्या खोलीत आणायला लावून तिने पडदा ओढून घेतला.

पोल्ट्रीवाला चक्रावला. "बाई, कोंबडी बघायचीय की फोटो धुवायचाय?"

"मी एकतीस वर्षं तपासणी केलीय," मावशी म्हणाली. "तुम्ही फक्त आणून द्या."

त्याने आणून दिल्या. आणि काय आश्चर्य! एकीनेही चोच मारली नाही. एकीनेही पंख फडफडवला नाही. सिल्की मांडीवर ठेवली तशी राहिली. ब्रह्मा पोत्यासारखी बसली. ऑर्पिंग्टनने एकदा घशातल्या घशात काहीतरी म्हटले आणि ती गप्प झाली. पांढऱ्या लेगहॉर्नने तर कमाल केली: अकरा मिनिटे, घड्याळ लावून, जागची हलली नाही. दाणा कोणीच घेतला नाही, पण तो रकाना मावशीने 'जेवण झाले असावे' अशी टीप देऊन माफ केला. चार तपासल्या, चारही पास. एवढे निळे शिक्के सलग तिने नोकरीत कधी मारले नव्हते. परतताना चार खोकी मागच्या सीटवर ठेवून ती पूर्ण वाटभर मेकॅनिकशी बोलत होती, आणि पुस्तकवाल्यांना लेगहॉर्नची काडीची माहिती नाही हे तिने त्याला चार वेळा ऐकवले.

रविवारी सकाळी आठला तिने वन्संना हाताला धरून अंगणात आणले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या दाराबाहेर येत होत्या. खुर्ची मांडली, मांडीवर जुना टॉवेल पसरला. दांडा खाडकन ओढला गेला. पहिला मान अर्थातच अकरा मिनिटांच्या लेगहॉर्नचा होता.

लेगहॉर्न मांडीवर अकरा सेकंदही टिकली नाही. किंचाळत ती वन्संच्या खांद्यावरून उडाली, त्यांचा काळा चष्मा पाडला, भिंतीवर गेली आणि तिथून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींमध्ये घुसली. तिच्या ओरडण्याने ब्रह्मा बिथरली आणि पाण्याचे भांडे उलथवून खुर्चीखाली शिरली. सिल्की कोपऱ्यात गोळा होऊन बसली. मेकॅनिक काठी घेऊन चादरींमागे धावला. मावशी चष्मा हातात धरून उभी राहिली. निळ्या शिक्क्याखाली असा माल तिच्या हातून कधी बाहेर पडला नव्हता. संपले, असे तिच्या मनात आले. आता वन्सं उठतील आणि बॅग भरतील.

वन्सं हसत होत्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आले.

"वहिनी, यांची परीक्षा कधी घेतलीस गं?"

"संध्याकाळी. पडदा लावून."

"अंधारात?"

"मग? खोट अंधारातच कळते."

"दिव्याची," वन्सं म्हणाल्या. "कोंबडीला अंधारात दिसत नाही. अंधारात बसवलं की कोणीही गरीब होतं. मी नाही का सहा महिने शांत बसले? तुम्ही सगळ्यांनी मला पासच करून टाकलंत."

मावशीने वही उघडली. वहीत शनिवारच्या पानावर चारही निळ्या शिक्क्यांवर आडवी रेघ आहे आणि खाली एकच ओळ: 'दुपारी बारा वाजता फेरतपासणी, उजेडात.'

फेरतपासणीला परीक्षक दोन होते. हे कोणी ठरवले याविषयी दोघींचे म्हणणे वेगळे आहे. मावशी रकाने भरू लागली तेव्हा वन्संनी तिला थांबवून विचारले की यात आवाजाचा रकाना कुठे आहे. तो नव्हता. एकतीस वर्षांत एकही दिवा तिच्याशी बोललेला नव्हता. तिने पट्टी घेतली आणि समासात एक रकाना वाढवला.

मग वन्सं सांगत गेल्या आणि मावशी लिहीत गेली. ब्रह्मा अवजड बाई, बोलते कमी, पण मनात काही ठेवत नाही, राहू द्या. लेगहॉर्न खरी आहे, आवडत नाही तर आवडत नाही म्हणते, पण हिला आपल्या घरचा नंबर नकोच आहे, परत पाठवा. सिल्कीवर मावशीची भिस्त होती, कारण भर उजेडातही ती मांडीवरून हलली नव्हती, चाळीस मिनिटे झाली होती. वन्संनी तिच्या लवेतून हात फिरवला.

"मऊ आहे. पण बोलत नाही गं. उशी माझ्याकडे आहेच. मांडीवर कोणीतरी आहे हे मला कळायला नको का?"

शेवटी बदामी ऑर्पिंग्टन. ती मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली, खाली बसली आणि बोलू लागली. हलक्या, घोळलेल्या आवाजात, मध्ये श्वास घ्यायला थांबत. वन्सं काही म्हणाल्या की ती थांबे, आणि त्यांचे झाले की पुन्हा सुरू होई. वन्संच्या चेहऱ्यावर जे आले ते मावशीने फार वर्षांपूर्वी पाहिले होते. नुकते लग्न झालेले असताना ती एकदा एक्स्चेंजमध्ये डबा द्यायला गेली होती, आणि कानाला हेडफोन लावलेल्या वन्सं दहा जणांच्या गर्दीत एकाच आवाजाशी बोलत होत्या.

"ही ठेव," वन्सं म्हणाल्या. "ही मध्येच लाइन तोडत नाही."

सिल्की उशी म्हणून राहिली; गुरुवारी एकटी लेगहॉर्न परत करायला तिघेही गेले. वन्सं आपणहून गाडीत जाऊन बसल्या होत्या. हॉर्न वाजवून त्यांनीच बाकीच्यांना बोलावले. भर दुपारी पोल्ट्रीच्या आवारात खुर्ची टाकली गेली आणि पोल्ट्रीवाला एकेक ऑर्पिंग्टन आणून देऊ लागला. पहिलीचा आवाज दमेकऱ्यासारखा ठरला. दुसरी चुगलखोर. तिसरी बरी होती, पण बोलते सगळे स्वतःविषयीच. नापास करण्यात वन्सं भावजयीच्या वरताण निघाल्या. पोल्ट्रीवाला घाम पुसत मावशीला म्हणाला की यापेक्षा तुमची अंधारातली परीक्षा परवडली. सहावी पास झाली. तिला खोक्यात बंद करू दिले नाही. ती वन्संच्या मांडीवर बसून घरी आली, आणि या वेळी वाटभर बोलणाऱ्या दोघी होत्या, वन्सं आणि ती.

तेव्हापासून सकाळ अंगणात सुरू होऊ लागली. कोंबडी अंडे घालून ओरडली की वन्सं खुर्चीवरूनच सांगत, डावीकडच्या खोक्यात, बदामीचे, आत्ताच. आणि मावशी जाऊन पाही तो अंडे तिथेच, ऊन. हे काम घरात दुसऱ्या कोणाला जमत नव्हते. वरणावरचे शेरेही परतले. सत्तावीस तारखेला मीठ जास्त, एकोणतीसला कमी. मावशीने दोन्ही वहीत टिपून ठेवले, तारखेसह.

पण अर्ज कपाटाच्या खणात तसाच होता, आणि कॉटखाली बॅगही भरलेली होती. त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. वन्सं दिलेला शब्द मोडणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि जाऊ नका असे त्यांना कोणी म्हटलेही नव्हते.

एक एप्रिलला, सोमवारी, मेकॅनिक सकाळी साडेनऊपासून हातात गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. दहा वाजले. वन्सं अंगणात, मांडीवर ऑर्पिंग्टन, दुसरी पायाशी. त्यांनी वेळ विचारली. त्याने सांगितली. त्या म्हणाल्या, निघायला हवे, आणि कोंबडीवरचा हात उचलला नाही.

मावशी आत गेली. खण उघडला. मखमली पेटी उघडली. बाहेर येऊन तिने अर्ज वन्संच्या खुर्चीच्या रुंद हातावर ठेवला आणि शिक्का मारला. एकतीस वर्षांचा हात होता. आवाज दणकून झाला. कोंबडीने मान वर केली.

"काय मारलंस गं?" वन्संनी विचारले.

"शिक्का."

"कशावर?"

"तुमच्या अर्जावर. लाल."

वन्संनी कागद बोटांनी चाचपला. "कारण लिहावं लागतं ना वहिनी, नापास केलं की?"

"लिहिते," मावशी म्हणाली. "तपासणी अंधारात झाली होती. निकाल धरता येत नाही." आणि मग तिने अडलेले वाक्य पुरे केले: "जाऊ नका, वन्सं."

वन्संनी ते नीट ऐकले, जसे त्या कोणाचाही आवाज ऐकत. मग भावाला म्हणाल्या की किल्ली खुंटीला लाव आणि चहा टाक. हिच्या हातचा नको, ही साखर फार घालते.

बाकीचे अजून अनिर्णित आहे. ऑर्पिंग्टन ही जातच माणसाळू, की या दोघी तशा होत्या, की वन्संच्या बोलण्याने त्या तशा झाल्या, हे इतक्या थोड्या कोंबड्यांवरून सांगता येणार नाही. त्या शनिवारी आपण बाईंना अंधाराविषयी सावध केले होते, असे पोल्ट्रीवाला म्हणतो. मावशी साफ नाकारते. त्याविषयी वहीच्या त्या पानावर वेळेखेरीज काही नोंदलेले नाही. लाल शिक्क्याचा अर्ज वहीत नाही, खणातही नाही. तो कोठे आहे, हे दोघींपैकी कोणीही सांगितलेले नाही.