वहिनीचा बंपर

लोखंडाच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. गेटं, ग्रिलं, जिने, पाण्याच्या टाकीचे स्टँड, सांगाल ते जोडून देतो. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन वेल्डिंग मशीन आणि मी. आजवर चार-पाच जणांना हे काम शिकवलं आणि त्यातल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच यथेच्छ शिव्या घातल्या. फक्त एका व्यक्तीला घालता आल्या नाहीत, ती म्हणजे माझी वहिनी. ती घरात आली तेव्हा मी नववीत होतो आणि माझ्या फाटक्या विजारी तीच शिवायची. अशा बाईला शिवी देणार तरी कशी?

वहिनी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली खाकी कागदाची मापं आहेत आणि टेप तिच्या गळ्यात कायमचीच. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जीप चालवतो. गाडी जुनी, पण चारही चाकांनी ओढणारी. गावाबाहेरच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, तिथल्या कामगारांना आणि सामानाला वर पोचवायचं हे त्याचं काम. रस्ता नावालाच, बाकी नुसते दगड. कुणाचा ट्रक रुतला की ओढून काढायचाही दादानंच.

दोन वर्षांपूर्वी असाच एक ट्रक ओढताना जीपचा पुढचा हुक उपटला. मागं जोर लावत असलेली जीप सुटल्यासरशी तशीच मागं गेली आणि चरात उलटली. दादाचा डावा खांदा मोडला. तो हुक मी जोडलेला होता. दादा म्हणाला, जोड कच्चा होता. मी म्हणालो, यानं झटका दिला. भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलो, अगदी दवाखान्यातसुद्धा, त्याच्या खाटेपाशी उभं राहून. त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलायचा थांबला. दोन घरांत दहा मिनिटांचं अंतर, पण तो माझ्या शेडवरून जाताना मान वळवायचा नाही.

मग पवनचक्क्यांच्या कंपनीनं नवा नियम काढला. पुढं ओढण्यासाठी पक्का बंपर असेल तीच गाडी डोंगरावर जाणार. महिनाभरानं त्यांचा साहेब येणार, भरलेला ट्रक साखळीनं बांधून प्रत्येकाला ओढायला लावणार आणि टिकेल त्यालाच काम देणार. दादाची जीप उलटल्यापासून पुढून जराशी तिरकीच झाली होती, बाजारातला तयार बंपर तिला बसेना. दुसऱ्या वेल्डरकडे जायचं तर दादाचा आता कुणावरच विश्वास नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जीप विकून टाकतो, एवढंच तो म्हणाला. खांदा जोडला जाईपर्यंत दादा तीन महिने घरात बसला होता, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा आणि दोन शब्दांच्या पुढं बोलायचा नाही. ते वहिनीनं पाहिलं होतं. ते पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती.

एका सकाळी ती टेप गळ्यात तशीच ठेवून शेडमध्ये आली.

"भाऊजी, मला वेल्डिंग शिकवा. बंपर मी करणार आहे."

मी हसलो. ती हसली नाही. दादाला ठाऊक आहे का, असं विचारलं. ठाऊक होतं. "हात तुझा असेल तर लावीन," असं तो म्हणाला होता. मशीन कुणाचं, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि वहिनीनंही आपण होऊन सांगितलं नव्हतं. पण एवढ्या जवळ दुसरं मशीन आहे कुठं? दादा काही खुळा नाही.

रोज नऊ ते अकरा ती यायची. माझा जुना जाड शर्ट, हातमोजे, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. पहिले दोन दिवस रॉड नुसता लोखंडाला चिकटून बसत होता. ठिणगी पडायच्या आधीच ती दचकायची. तिसऱ्या दिवशी तिनं काच जरा लवकर वर केली, आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. मला वाटलं, चला, संपलं. दुसऱ्या दिवशी नऊला दहा मिनिटं कमी असताना ती दारात उभी, डोळे लाल. मी कुलूप उघडायला उशीर केला म्हणून उलट मलाच बोलली.

आठवड्याभरात तिला आवाज कळायला लागला. जोड नीट बसत असेल तर कढईत तळण पडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. तो तुटला की हात चुकला. मला हे कळायला सहा महिने लागले होते. पण ती आयुष्यभर शिलाई मशीनचा आवाज ऐकत आलेली. धागा तुटायच्या आधी ते तिच्या कानाला समजतं.

बंपर मात्र तिनं तिच्याच पद्धतीनं केला. आधी घरी जीपच्या तोंडावर खाकी कागद लावून माप काढलं. तिरकी बाजू वेगळी कापली, खडूनं खुणा केल्या, मग शेडमध्ये कागदाचाच अख्खा बंपर चिकटवून दोन पावलं मागं जाऊन पाहिला. मी म्हटलं, "वहिनी, बाह्या कुठून काढणार?" ती म्हणाली, "आधी गळा तरी बसू द्या." हसून हसून माझ्या हातातला ग्राइंडर पडायचा बाकी होता. पण नंतर त्या कागदावरून पट्टी कापली, तर एका सुताचा फरक नाही. मी आजवर डोळ्यानं अंदाज घेत आलो आणि नंतर हातोड्यानं ठोकून बसवत आलो. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

चूक केली, तीही शिवणाऱ्या बाईचीच. लांब शिवण एका टोकाला सुरू केली आणि थेट दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात मारत नेली. शिवण काय सुंदर! मी पाहत राहिलो. लोखंड गार होता होता मात्र अख्खी पट्टी धनुष्यासारखी वाकली. लोखंड तापलं की पसरतं आणि निवताना आकसतं, त्यामुळं एका बाजूनं जोडत गेलं की सगळं त्या बाजूला ओढलं जातं. वहिनी त्या वाकड्या पट्टीकडं बघत बसली. मग म्हणाली, म्हणजे आधी धावदोरा घालायला हवा होता. तेच. लांब लांब टाके, एक इथं, एक पलीकडच्या टोकाला, मग मधे, आणि सगळं घट्ट धरलं की मगच पक्की शिवण. तिनं ती पट्टी कापून वेगळी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन दिवस गेले.

रोज निघताना ती दोन तुकडे जोडायची आणि हातोड्यानं तोडायची. हे मी तिला लावलेलं वळण. जोड वरून कितीही देखणा असो, आत कितपत शिरलाय ते तोडल्यावरच कळतं. आतपर्यंत धरलं असेल तिथं तुटलेला भाग करडा, खरखरीत दिसतो. नुसतं वरवर बसलं असेल तिथं काळा आणि गुळगुळीत. पंधरा-वीस दिवसांत तिची नजर अशी तयार झाली, की तुकडा हातात घेतल्याबरोबर सांगायची, इथून इथपर्यंत धरलंय, पुढं नाही.

चाचणीला पाच दिवस उरले होते. बंपर चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं बसतो त्या कोपऱ्याचा एक जोड तिला पटत नव्हता. मी वाकून पाहिलं आणि म्हटलं, "चालतंय, वहिनी. एवढं काय?" तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग सामान आवरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या पिशवीत तो जुना हुक होता. ट्रकच्या साखळीला अडकून राहिलेला, तिनं दोन वर्षं कपाटात जपून ठेवलेला. तिनं तो टेबलावर उपडा ठेवला, तुटलेली बाजू वर. बोटाएवढी कड करडी होती. बाकी सगळा भाग काळा, गुळगुळीत. एका कडेला तर निळ्या रंगाचा पापुद्रा अजून तसाच होता.

"भाऊजी, तुम्ही रंगसुद्धा घासला नव्हता."

ती म्हणाली, "मी इतके दिवस तुमचं खरं धरलं. यांना सारखी म्हणत आले, तुम्हीच झटका दिला असेल. आजारी माणसाला म्हटलं मी ते." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

हुक जोडला ती शनिवारची संध्याकाळ होती, मला घाई होती, रंगावर जोड धरत नाही हे ठाऊक असून तो घासायचा कंटाळा केला आणि चालतंय म्हणून सोडून दिलं. दोन वर्षं मी झाकली मूठ धरून बसलो होतो. खाई त्याला खवखवे, म्हणून तर झटक्याची गोष्ट न विचारता सगळ्यांना सांगत होतो. आणि मीच शिकवलेल्या नजरेनं वहिनीनं ती मूठ उघडली. लाज वाटली. आणि खरं सांगतो, त्याच वेळी तिचा अभिमानही वाटला.

"दादाला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. ते तुमचं काम आहे. माझं काम हा कोपरा." असं म्हणून तिनं ग्राइंडर उचलला आणि मी चालतंय म्हटलेला जोड कापायला घेतला. कापल्यावर बघितलं, तर आत निम्मा काळा होता.

चाचणी डोंगराच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत होती. भरलेला ट्रक, त्याचे ब्रेक दाबलेले. वहिनीचा बंपर काळा, बिनचकचकाटाचा, जीपच्या तिरक्या तोंडाला बेतून शिवल्यासारखा बसलेला. साहेबानं साखळी लावून घेतली आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मी उलट जीपच्या खिडकीपाशी गेलो. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

"दादा, तो हुक माझ्यामुळं तुटला. रंग न घासता जोडला होता. तू झटका दिला नव्हतास."

त्यानं मान वळवली नाही. "लांब उभा राहा," तो म्हणाला.

रागानं म्हणाला की काळजीनं, मला कळलं नाही. मी वहिनीशेजारी जाऊन उभा राहिलो. ती ओठ घट्ट मिटून बंपरच्या त्या कोपऱ्याकडं बघत होती. जीप मागं सरली, साखळी ताणली, चाकं दगडावर फिरायला लागली, धूर, रबराचा वास. एकदा कर्र असा आवाज आला आणि वहिनीनं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. मग तो भरलेला ट्रक, ब्रेकसकट, हातभर पुढं घसरत आला.

साहेबानं कागदावर सही केली. दादा उतरला. बंपरपुढं उकिडवा बसून उजव्या हाताचा तळवा त्यानं प्रत्येक जोडावरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनीकडं पाहून नुसती मान हलवली. तिनं पहिल्यांदाच डोळे पुसले. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मागच्या बंपरला किती दिवस लागतील तुला?"

"आठ," मी म्हणालो.

"पंधरा घे."