आवाज बंद, सिनेमा सुरू

एका हाताचे बोट ओठांवर आणि दुसरा हात टीव्हीच्या बटणावर. आवाज पूर्ण बंद झाला की त्या आमच्याकडे वळत आणि हलक्या स्वरात म्हणत, "मी सांगते."

शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या या बाईंचे नाव मी येथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. यजमान कारखान्यात भट्टीवर. पाळी दर आठवड्याला बदले. रात्रपाळीच्या आठवड्यात ते संध्याकाळपर्यंत आतल्या खोलीत झोपत. रविवारचा सिनेमा मात्र कोणाची पाळी पाहून लागत नसे. आठ तास आगीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची झोप मोडायची नाही आणि मुलींचा सिनेमाही बुडवायचा नाही, यावर बाईंनी काढलेला हा तोडगा होता. कारखान्याच्या वसाहतीत तुम्ही दिवस काढले असतील, तर तुम्हाला त्याचे नवल वाटणार नाही.

चटईवर दोन मुली, मागे शेजारणी, दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर मी. माझ्याकडे टीव्ही नव्हता. घेण्याचा विचारही नव्हता.

पडद्यावरची माणसे ओठ हलवीत आणि बाई कुजबुजत. "तो म्हणते, मी चोरी नाही केली. ती म्हणते, मले माहीत आहे." मुलींनी भलतेसलते ऐकू नये म्हणून त्या कथा जागच्या जागी दुरुस्त करीत. नायक-नायिका घरातून पळाली की ती बाजारात चाललेली असत. एकदा खलनायकाने नायिकेचा हात धरला.

"तिची नाडी पाहून राहिला. ताप आहे तिले."

"पण आई, ती त्याले मारून राहिली," धाकटी म्हणाली.

"तापात माणूस काहीही करते. समोर पाह्य."

तो सिनेमा पुढे मी नागपुरात आवाजासह पाहिला. बाईंचा अधिक सुसंगत होता.

"या घरात एकट्यानं पाहायचं काही नाही," हा त्यांचा दुसरा नियम. करमणूक सर्वांनी मिळून करायची, नाहीतर टीव्ही बंद. तो नियम मोडल्याचे मी पाहिले नाही.

मुली मोठ्या झाल्या. थोरली कॉलेज संपवून कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊ लागली. दुर्गजवळची आमची वसाहत तेव्हा मध्य प्रदेशात होती. राजधानी भोपाळला होती, आणि भविष्य कॉम्प्युटरमध्ये आहे असे ज्याला त्याला वाटत होते. पलीकडच्या हुडको वसाहतीतल्या कोणाचा तरी जुना कॉम्प्युटर या घरी आला. बाईंनी तो टीव्हीशेजारी मांडला, त्याला भरतकामाचे झाकण शिवले आणि पहिल्याच रविवारी शेजारणींना पाहायला बोलावले. चटई, खुर्ची, सर्व व्यवस्था पूर्ववत.

थोरली काळ्या पडद्यावर अक्षरे उमटवीत होती. आम्ही ओळीने बसून पाहत होतो. बराच वेळ काहीच घडेना. तेव्हा बाईंनी सवयीने सूत्रे हाती घेतली.

"आता ती त्याले विचारून राहिली. तो विचार करून राहिला."

"आई, तो विचार नाही करत. मी प्रोग्राम लिहून राहिली."

"तू लिही ना. कावून मधात बोलते? ... हा, आला पाहा जवाब."

पडद्यावर सतराचा पाढा आला होता.

"संपला?" एका शेजारणीने विचारले.

"आज एवढाच," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी शेजारणी आल्या नाहीत. मी गेलो.

हळूहळू धाकटीही त्या यंत्रापुढे बसू लागली. दोघींचे बोलणे हिंदीत होई, आणि त्या हिंदीतलेही निम्मे शब्द आम्हाला परके असत. बाई मागे स्टुलावर शेंगा सोलत बसत, कारण नियम त्यांनी सोडला नव्हता. एकदा पडद्यावरचे काहीतरी पाहून दोघी खो खो हसल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"कुछ नहीं, आई. तुले नाही समजणार."

बाईही हसल्या. किती वेळ हसावे याचा त्यांना अंदाज आला नाही. मुली थांबल्यावरही त्या थोड्या हसत राहिल्या.

मग पुण्याच्या एका कंपनीचे पत्र आले. थोरलीची निवड झाली होती. यजमानांचे मत सर्वांना ठाऊक होते: मुलगी परगावी नोकरीला पाठवायची नाही. आणि बापाचा शब्द मोडून जाणारी ती नव्हती. बाई ते इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या.

"पोट्टी मले सोपं करून सांगते, भाऊजी. तुम्ही जसं आहे तसं वाचा. मनाचं काही लावू नका."

हे बजावणे कोणाकडून होत आहे, याची मी नोंद घेतली आणि वाचले. सहा महिने प्रशिक्षण. नंतर किमान दोन वर्षे नोकरी. नेमणूक देशात कोठेही, प्रसंगी परदेशी.

"म्हणजे परत नाही येत ती."

"तिच्या कामाचे येथे काही नाही, वहिनी. सुट्टीत येईल. तिला जायचे आहे का?"

"म्हणते, तुम्ही सांगाल तसं." त्यांनी पत्राची घडी केली. "पण हे उशीखाली घेऊन झोपते."

त्या संध्याकाळी मला चहाला बोलावणे आले. यजमान नुकतेच उठले होते. बाईंनी त्यांच्यापुढे कप ठेवला आणि सांगू लागल्या.

"सहा महिन्यांचं शिक्षण आहे. राहायले बायांचं होस्टेल, वार्डन अमरावतीकडची. शिकून आली की इथंच कारखान्यात कॉम्प्युटरवर घेतात."

पत्रात होस्टेल नव्हते. वार्डनही नव्हती. थोरलीने मान खाली घातली.

यजमान माझ्याकडे वळले. "साहेब, पत्र तुम्ही वाचलं म्हणते ही. असंच आहे?"

कारखान्याचे नकाशे तपासण्यात माझी नोकरी गेली. चुकीच्या रेषेखाली मी सही केलेली नाही. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या; बशीत सांडलेला चहा पदराने टिपत होत्या.

"वहिनी सांगतात तसेच आहे," मी म्हणालो.

यजमानांनी कप उचलला. "मग जाऊ दे," ते म्हणाले.

दुर्गच्या फलाटावर आम्ही सर्व गेलो. गाडी सुटली तेव्हा थोरली दारात उभी होती. यजमान डब्याबरोबर दहा-बारा पावले चालले आणि थांबले.

"सहा महिने म्हणजे कधी येते ती?"

"संक्रांतीले," बाई तत्काळ म्हणाल्या. "लाडू करून ठेवते म्हटलं मी तिले."

यजमानांनी बोटांवर महिने मोजले. त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे आलीच की," असे म्हणून ते धाकटीला घेऊन जिन्याकडे निघाले.

बाई रुळांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेवटचा डबा दिसेनासा झाला होता. मी त्यांची पिशवी उचलली आणि थांबलो.