लागतच न्हाई, मॅडम

शिरूर अनंतपाळच्या किराणा दुकानदाराची मंजुश्री नांदेडला मानसशास्त्र शिकली आणि तिथंच संशोधनाला लागली. श्वासाकडं लक्ष ठेवून बसल्यानं मनावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं लातुरात नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचा गट धरला. दर बुधवारी बायका सतरंजीवर डोळे मिटून बसायच्या. हळूहळू त्यांना झोप लागू लागली, छातीतली धडधड कमी झाली. मंजुश्रीनं हे निष्कर्ष परिषदेत मांडले. टाळ्या पडल्या.

पुढच्याच बुधवारी गटातली दानम्मा फुटका ओठ घेऊन आली.

"पुन्हा मारलं नवऱ्यानं?" मंजुश्रीनं विचारलं.

"हाव. पण आता लागतच न्हाई, मॅडम. धोंडप्पा लाथा घालायला लागला की मी श्वासाकडं बघते. वरडत बी न्हाई. म्हनून त्यो आनखीच मारायलाय."

मंजुश्रीच्या लक्षात आलं. आपण या बायकांना मार सोसायला शिकवलं आणि त्यालाच सुधारणा म्हटलं!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हातात लोखंडी गज घेतलेला धोंडप्पा आत घुसला. "घरच्या गोष्टी इथं सांगतीस व्हय?" म्हणत त्यानं दानम्माला झिंज्या धरून ओढलं आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. दानम्मानं डोळे मिटून घेतले. कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि छाती संथपणे वरखाली होत होती.

ते बघून मंजुश्री हादरली. ती मधे पडली. गज मनगटावर बसला, हाड कडकन मोडलं.

"दानम्मा, डोळे उघड! वरड!"

दानम्मानं डोळे उघडले. मॅडमचा लोंबणारा हात तिला दिसला. इतके दिवस दाबलेली किंकाळी फोडत तिनं धोंडप्पाच्या दंडात दात रोवले, ते मांस तुटेपर्यंत सोडले नाहीत. गज खाली पडला. मग बाकीच्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. पोलीस आले तेव्हा तोच गयावया करत होता.

हात प्लास्टरमध्ये असतानाच मंजुश्री आपल्या मार्गदर्शकांपुढं, किशनराव सरांपुढं उभी राहिली.

"आकडे तर चांगले आहेत," सर म्हणाले.

"आकडे चांगले आहेत सर. बायका मुकाट मार खात होत्या."

तिनं निष्कर्ष मागं घेतले. ध्यानानं कुणाचं नुकसान होतं, याचा शोध ती तेव्हापासून घेते आहे. घरात मारहाण चालू असेल तर आधी पोलीस आणि निवारा, ध्यानाला बसणं नंतर, असा तिचा नियम आहे.

दानम्मा आता नवऱ्याला सोडून नांदेडला एका खाणावळीत भाकरी थापते.

"मॅडम, अजून लई राग येतो," ती भेटली की सांगते.

"येऊ दे," मंजुश्री म्हणते.