मिशीवाला काय म्हणाला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, दत्तादादालाही ओळखत नाही — म्हणून कदाचित तुमच्यासमोर जमेल.

दत्तादादा माझा चुलतभाऊ. हिंगोली ते कनेरगाव नाका काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याला एकच नाद — मोबाईलवर जर्मनीतल्या जुन्या टुरिंग कार शर्यती बघायच्या. तीसेक वर्षांपूर्वीच्या चौकोनी, चार दारांच्या गाड्या, एकमेकींना घासत पळणाऱ्या. "ह्या बघ, लग्नाला न्यायच्या गाड्या, अन् कशा पळून राहिल्या!" म्हणायचा. त्यातही पांढऱ्या गाडीतला एक मिशीवाला ड्रायव्हर म्हणजे त्याचा देव. शर्यत संपली की मिशीवाला माईकसमोर बोलायचा, जर्मनमध्ये. आणि आमच्या घराण्यात जर्मन येणारा एकच. मी.

येत होतं का? पुण्याला क्लास लावला होता, हे खरं. महिनाभरात सोडला आणि घरी सांगितलं, पास झालो. बारापर्यंत आकडे आणि नमस्कार — एवढंच माझं जर्मन. पण नाक्यावरच्या धाब्यात दादा सगळ्यांसमोर विचारायचा, "माधवा, काय म्हनून राहिला रे त्यो?" मग काय करायचं? ठोकून द्यायचो. टायर गार होते, म्हणतो. आईची आठवण आली, म्हणतो. दादा खूश, चहा आलाच. मलाही मजा यायची — तेही सांगून टाकतो.

एकदा पावसातली शर्यत लागली. सगळ्यांच्या गाड्या घसरत होत्या, मिशीवाल्याची नाही. शेवटी तो हातवारे करून काहीतरी समजावत होता. मी म्हणालो, "ओल्या वळणावर ब्रेकला पाय लावायचा नाही, उलट रेस द्यायची, गाडी खाली बसते, असं म्हणतो." कुठून सुचलं? माहीत नाही. ऐकायला छान वाटलं.

त्याच पावसाळ्यात नाक्याच्या अलीकडच्या वळणावर जीप उलटली. नशीब, नाक्यावर प्रवासी उतरवून दादा रिकामी जीप घेऊन परतत होता. दादाचा उजवा पाय गेला — म्हणजे आहे, पण वाकत नाही. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. "त्यानं सांगितल्यावानी रेस देली रे," दादा म्हणाला. "माहीच चुकी. मीच कमी पडलो. त्याचं बराबर हाय."

तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. भीती कशाची होती? मला जर्मन येत नाही हे चारचौघांत कळेल, याची. बस्स, तेवढीच.

आता जीप दादाचा मेहुणा प्रकाश चालवतो. दादा शेजारी बसतो, काठी मांडीवर आडवी धरून. परवा मी मागच्या सीटवर होतो, जीप भरलेली, कुणाचं तरी लेकरू माझ्या मांडीवर. बाहेर भुरभुर चालू होती. तेच वळण आलं आणि प्रकाशचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको, रेस दे," दादा म्हणाला. "जर्मनीचा मानूस सांगून राहिला. विचार माधवाले."

प्रकाशनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो म्हणून.

प्रकाशनं रेस दिली. जीप घसरली, मग सावरली. दादा मागं वळून माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.