यादवी युद्धाची खोटी चिठ्ठी

"कशावरून?" सर चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे. शिपाई म्हणाला, आज पाणी येणार नाही, तरी कशावरून. स्टाफरूममधला चहासुद्धा आधी हुंगून बघत. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्याशी बोलताना आपण उगाचच चोर ठरतो.

नव्वदीच्या सुरुवातीला ते वाशीच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवायला आले, वर्षभराच्या करारावर. मी मराठी शिकवायचो. मला त्यांचा संशय यायचा, कारण हे गृहस्थ शिकवायचेच नाहीत. नववीला अमेरिकेचं यादवी युद्ध आलं, तर त्यांनी कारणांच्या चिठ्ठ्या करून पोरांना वाटल्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ज्याला जी चिठ्ठी मिळेल, ते कारण त्याने वर्गाला शिकवायचं.

पालकांच्या तक्रारी आल्या. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "जरा वर्गात बसून बघा. टंगळमंगळ असेल तर लिहून द्या, पुढचं मी बघते."

मी जाऊन बसलो. एक मुलगी उठली, तिचे वडील मार्केटात माथाडी होते. "कापसाच्या मळ्यात माणसं विकत घेऊन राबवायचे," ती म्हणाली. "पगार नाय, सुट्टी नाय. उत्तरेला ते नको होतं."

"कशावरून?" मागून सर.

तिने पुस्तकातलं पान काढून दाखवलं. मग एक मुलगा आला. "राजाच्या दोन पोरांचं गादीवरून वाजलं. एकाने उत्तर घेतली, एकाने दक्षिण." वर्ग माना डोलवायला लागला. भाऊबंदकी आपल्या पोरांना लगेच पटते. मी सरांकडे पाहिलं, तर ते गालात हसत होते.

अमेरिकेत कसला राजा? मी तडक उठून वर्गाबाहेर पडलो. तास संपायच्या आत अहवाल लिहून झाला होता: वर्गात चुकीचं शिकवलं जातं, शिक्षक दुरुस्त करत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांना करार रद्द झाल्याचं कळवण्यात आलं. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "वर्ग गुणी आहे. तुमच्याकडे आला तर बरं होईल," म्हणाले. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला माझा संशय आला नव्हता.

इतिहासाला वर्ग माझ्याकडेच आला. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "ते राजाच्या पोरांचं चूक आहे, वहीतून खोडा."

"आमी लिहिलंच नाय सर," ती मुलगी म्हणाली. "सर दर वेळी एक चिठ्ठी खोटी टाकायचे. कुठली ते आमीच शोधायचं. तुमी गेल्यावर पकडली ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खडू शोधायच्या निमित्ताने मी फळ्याकडे वळलो.

"आमचे सर का गेले?" तिने विचारलं.

"त्यांना दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली," मी म्हणालो.

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "कशावरून?"