‘सोडले’ नव्हे, ‘थांबवले’

पालघर-बोईसर रस्त्यावरच्या एका फार्मसी कॉलेजात मी क्लार्क आहे. ऑफिसातली कामं वाटून झाली तेव्हा एक फाईल उरली होती. तिच्यावर ‘परदेशी विद्यार्थी’ असं लिहिलं होतं आणि ती कुणालाच नको होती. मी त्या दिवशी रजेवर होते, म्हणून ती माझ्या टेबलावर आली. फाईलमध्ये एकच विद्यार्थिनी होती. टांझानियाची, समुद्रकाठच्या गावातली.

पहिल्यांदा ती फॉर्म घेऊन आली आणि रिकाम्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, “सहीही?” मला वाटलं, ही पोरगी माझी चेष्टा करते आहे. मग कळलं, तिच्या स्वाहिली भाषेत सहीला तसंच म्हणतात. शिक्क्याला मुहुरी, म्हणजे आपली मोहोर. कलमाला कलामू. त्यानंतर तिचं पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाच्या आत कधी उरकलं नाही. मॅडमची मी महिन्याभरात मावशी झाले.

तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात तिला कावीळ झाली. सरावली गावात माझ्या घरामागच्याच गल्लीत ती दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. रोज सकाळी ऑफिसला जाताना मी डबा देऊन जायचे. मऊ भात आणि उकडलेला दुधी. तिसऱ्या आठवड्यात तिने झाकण उघडून आत पाहिलं आणि कळवळून विचारलं, “मावशी, तुमच्या गावात दुधी कधी संपत नाही का?” तेव्हाच मी ओळखलं, पोरगी सुधारते आहे.

ती बरी झाली, पण हजेरी एवढी कमी पडली की टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येईना. तेच सत्र पुढच्या जानेवारीत, मागच्या बॅचबरोबर पुन्हा करायचं. मधले आठ-नऊ महिने मोकळे. मला वाटलं ती रडेल, पण तिने दोन मिनिटांत बेत आखला. “खोली आहे. पुस्तकं आहेत. मी इथेच राहते आणि अभ्यास करते.”

मी म्हटलं, “राहा की. त्यात काय?”

रविवारी मी तिला माझ्या माहेरी घेऊन गेले. आमचं घर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात आहे. अंगणासमोर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि खाली जाळ्यावर जवळा पसरला होता. माझ्या आईला काही विचारायच्या आधी ती उकिडवी बसली आणि जवळा हाताने हलवायला लागली. एका दमात, खालचा वर, वरचा खाली, अगदी आमच्यासारखा. आई बघतच राहिली.

“कुठं शिकली गो ही?”

“तिच्याकडेपण हेच करतात,” मी म्हटलं.

“मंग भात वाढ तिला. पर बाय, बोंबील नाय देनार. कावीळ झाली हाय. धा दिस थांब.”

त्या दोघींना एकमेकींचं एक वाक्यही कळत नव्हतं, तरी दुपारभर त्या बोलत होत्या. परतताना ती म्हणाली, हे आठ महिने मजेत जातील. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या फाईलीत नोंद करायची म्हणून मी पालघरला, परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कक्षात फोन लावला. पलीकडून एका बाईंनी विचारलं, “सध्या ती शिकते आहे का?”

“नाही. जानेवारीपर्यंत थांबली आहे.”

“मग ती इथे कशासाठी आहे?”

‘राहा की’ असं मी किती सहज म्हणून बसले होते!

त्याच दिवशी तिला घेऊन मी पालघर गाठलं. त्या अधिकारी बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. व्हिसा शिक्षणासाठी दिलेला असतो. शिक्षण थांबलं की त्यावर नुसतं राहता येत नाही. कॉलेजने कळवायचं, हिने परवानगी घेऊन घरी जायचं आणि सत्र सुरू व्हायच्या आधी नवा व्हिसा काढून यायचं. “न सांगता राहिलीस तर पुढे त्रास होईल,” त्या तिला म्हणाल्या. “रीतसर गेलीस तर परत यायचा रस्ता मोकळा आहे. कॉलेजचं पत्र मात्र नीट घे.”

रिक्षात बसल्यावर तिचा बांध फुटला. “मैं किधर भी नहीं जाएगी!” बोईसरच्या हिंदीत ती ओरडली. घरी गेली की वडील म्हणणार, झालं शिक्षण, आता दुकानात बस. तिला नियमाची भीती नव्हती. तिला त्या दुकानातल्या स्टुलाची भीती होती.

ऑफिसात अशा पत्राचा एक तयार नमुना होता. ‘सदर विद्यार्थिनीने शिक्षण सोडले असून’ असा. प्राचार्यांनी पेन काढलं. मी कागद मागे ओढला.

“सर, हिने सोडलेलं नाही. थांबवलं आहे.”

“एका शब्दाने काय होतं?”

“तिकडे व्हिसा देणारा विचारेल, सोडलं तर परत कशाला जातेस? घरीही तेच विचारतील.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “आणि जागा राखून ठेवायला विद्यापीठाने नाही म्हटलं तर?”

तीन दिवस मी विद्यापीठात फोन करत होते. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगायचा. चौथ्या दिवशी ईमेल आला, प्रवेश कायम राहील म्हणून. मग मी नवीन पत्र इंग्रजीतच लिहिलं. आजारपणामुळे शिक्षण तात्पुरतं थांबवलं आहे, प्रवेश कायम आहे, जानेवारीत अमुक सत्रात बसेल. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “एवढं चांगलं इंग्रजी तुम्ही लपवून का ठेवलं होतं?” मी लाजले, पण खोटं कशाला बोलू, आत उकळ्या फुटत होत्या.

तिच्या वडिलांशी मीच फोनवर बोलले. सोप्या इंग्रजीत सांगितलं, नापास नाही, आजारी होती, जागा ठेवली आहे. मग त्यांनी एकच विचारलं, “आजारपणात तिला जेवायला कोण देत होतं?”

“मी.”

“मग ती परत येईल,” ते म्हणाले.

जायच्या दिवशी आईने सुके बोंबील तीन पिशव्यांत बांधून पाठवले. निरोप होता, “इमानात वास आला तर सांग, आजीनं दिलंय.” तिकडून फोटो यायला लागले. त्यांच्या बाजारात वाळत घातलेली बारीक मासळी, मागे होड्या. आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, “अगो, ही तं आपलीच खाडी हाय!” दुकानात ती बसलीच, पण गल्ल्यामागे पुस्तक उघडं ठेवून.

जानेवारीत ती नवा व्हिसा घेऊन आली. गाल भरले होते. पालघरला जाऊन नोंदणी आम्ही पहिल्याच आठवड्यात केली, त्या अधिकारी बाईंना तिच्या गावच्या लवंगा देऊन आलो. त्यांनी आधी नको म्हटलं, मग वास घेतला, आणि दोन लवंगा तेवढ्या ठेवून घेतल्या. मागच्या बॅचच्या मुली तिला ताई म्हणायला लागल्या.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा ती धावतच ऑफिसात शिरली. पहिला वर्ग. शिपायाने मोबाईलवर हळदीतलं एक गाणं लावलं आणि तिने मला खुर्चीतून ओढून उभं केलं. माझ्या स्वतःच्या हळदीनंतर मी कधी नाचले नव्हते. फी भरायला आलेले पालक खिडकीतून बघत होते, सर दारात उभे होते, आणि मी कमरेला पदर खोचून नाचत होते.

सर म्हणाले, “चालू द्या. काउंटर दहा मिनिटं बंद आहे.”