मटार सोलत पाहिलेलं उड्डाण

माझी सगळी नोकरी केंद्र सरकारच्या दक्षता विभागात गेली. निवृत्त झाले, पण संशय घ्यायची खोड काही सुटली नाही. त्यामुळे रॉकेट उडायच्या आदल्या संध्याकाळी लेक दिल्लीतल्या मुनिरकामधली भाड्याची खोली सोडून नोएडाला माझ्याकडे आली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कॉलेजातल्या टीमसोबत तिने बनवलेला छोटासा उपग्रह त्याच रॉकेटमधून जाणार होता. मी सोसायटीभर सांगून ठेवलं होतं. मग असा क्षण टीमबरोबर पाहायचा सोडून ही आईकडे कशाला?

“तुझ्या हातचं खावंसं वाटलं,” ती म्हणाली. माझ्या स्वयंपाकाचं कौतुक या घरात आजवर कुणी केलेलं नाही.

सकाळी टीव्ही लावला. रॉकेट धूर ओकत उठलं आणि मी टाळ्या पिटल्या. लेक मांडीवर परात घेऊन मटार सोलत होती. इंधन संपल्यावर पहिला टप्पा सुटला. “तो आता समुद्रात पडणार,” ती म्हणाली. दुसरा पेटला. मग टोकावरचं कवच उघडून गळून पडलं. “वर हवा विरळ झाली ना, आता त्याचं काम नाही.” माहिती बिनचूक, आवाज मात्र कोरडा. स्वतःची मेहनत त्या टोकात बसलेली असताना मटार सुचतात कुणाला? मी टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत बसले.

शेवटच्या टप्प्याचं इंजिन बंद झालं. पडद्यावर आता कार्टूनसारखं चित्र होतं. त्यातून एकेक उपग्रह सुटत होता आणि निवेदक त्याचं नाव जाहीर करत होता. मग सगळे उठून एकमेकांना मिठ्या मारू लागले. आमचं नाव आलंच नव्हतं.

“तुमचा कुठाय?”

“लॅबमध्ये.” तिने हातातली शेंग खाली ठेवली. “बॅटरी टेस्टमध्ये फेल झाली, यार. त्या जागी तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलाय. जागा रिकामी ठेवली तर रॉकेटचा तोल बिघडतो.”

“आणि हे मला आत्ता सांगतेस?”

“तू चौकशी लावली असतीस. कुणाची चूक, कुणी पास केलं. बॅटरी मीच निवडली होती, आई.”

मी तिला जवळ घेणार, तोच बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई लाडू घेऊन दारात उभ्या. “बधाई हो जी! बिटिया का सैटेलाइट पहुँच गया ना?”

“हां जी, बिल्कुल पहुँच गया,” मी म्हणाले. लाडू घेतले आणि दार लावलं.

लेक माझ्याकडेच पाहत होती. “हे माझ्यासाठी बोललीस, की तुला माझी लाज वाटली?”

“तुझ्यासाठी,” मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही.